थोरली पाती, धाकटी पाती आणि एक बर्गर

देवास म्हटलं की आपल्या भागातल्या जुन्या माणसांना दोन गोष्टी आठवतात. पहिली म्हणजे सुळेभावीचे शिवपुत्र कोमकळी, आपले कुमार गंधर्व. १९४८ साली क्षयानं आजारी असताना कोरडी हवा मानवेल म्हणून ते तिकडे गेले आणि तिथलेच झाले. दुसरी म्हणजे शाहू महाराजांची लेक अक्कासाहेब. ती देवासच्या थोरल्या पातीत दिली होती आणि पुढं तिचाच मुलगा १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर आला. आमच्या घरात मात्र देवास म्हणजे तिसरीच एक गोष्ट, आमची अक्का. १९७९ साली लग्न होऊन ती बेळगावहून माळव्यात गेली. आज तिचं मराठी निम्मं हिंदी झालंय, पण कन्नड जसंच्या तसं आहे. कारण सोपं आहे. सासरच्यांना कळू नये असं काही असलं की ती फोनवर कन्नडात बोलते.

गेल्या हिवाळ्यात असाच फोन आला. "हुडुगा ऊटा माडवल्ला," अक्का म्हणाली. पोरगं जेवत नाही.

पोरगं म्हणजे तिचा नातू, वय वर्षं तेरा. माझा भाचा अकरा वर्षं अमेरिकेत ओहायोला होता. २०२४ च्या पावसाळ्यात नोकरी गेली, पाठोपाठ व्हिसा, आणि तिघं परत आली. भाच्याला पीथमपूरच्या एका कारखान्यात काम मिळालं. नवराबायको तिथं एका खोलीत राहिली आणि बिऱ्हाड नीट लागेपर्यंत पोराला देवासला आजीआजोबांकडे ठेवलं. बाप रविवारी तेवढा भेटायचा. अक्कानं पहिल्या महिन्यात पुरणपोळीपासून दालबाफल्यापर्यंत सगळं करून झालं. शेवटी एका रात्री तिनं विचारलं, "राजा, तुला खायचंय तरी काय?" तो म्हणाला, "बेकन चीजबर्गर." शुक्रवारी फुटबॉल संपला की तिकडे बाप त्याला तेच खायला न्यायचा. बेकन म्हणजे काय हे अक्कानं विचारलं, आणि त्यानं बिचाऱ्यानं खरं ते सांगितलं.

आमचे दाजी शेजारच्या खोलीत होते. बँक नोट प्रेसमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी माळ घातली, त्याला आता पंधरा वर्षं होतील. तेव्हापासून घरात अंडंसुद्धा येत नाही. ते बाहेर आले आणि म्हणाले, "डुकराचं नाव या घरात काढायचं नाही." एवढंच. पण पोरगं त्या दिवसापासून आबांच्या पंक्तीला बसेना. ताट घेऊन खोलीत जायचं, दोन घास खायचं आणि बाकी झाकून ठेवायचं. दोन महिन्यांत शाळेचा गणवेश ढगळ झाला. आबा-नातवाचं बोलणं बंद.

"कार्तिकी झाली की ये," अक्का म्हणाली. "तू ते बर्गरचं काय ते शिकून ये."

आता तुम्ही म्हणाल, एका बर्गरपायी बाईनं बेळगावहून देवासला जायचं? पण घरातलं एक मूल जेवत नसलं की सगळ्या घराची चूल कशी मंदावते, हे सांगायला नको. शिवाय माझा मुलगा लहानपणी गाडीवरच्या बर्गरसाठी कॅम्पापर्यंत रडत यायचा, तेव्हापासून मला या पदार्थाचं थोडं कुतूहल होतंच. निघताना दोन बरण्या व्हिनेगरमधल्या गर्किनच्या घेतल्या. ही गंमत फार जणांना माहीत नसते. बर्गरमध्ये जी आंबट काकडीची चकती लागते ती बाहेरून येत नाही, उलट आपल्या कर्नाटकातूनच जगभर जाते. १९९० च्या सुमारास इथं तिची लागवड सुरू झाली आणि आज देशात तिचं सगळ्यात मोठं केंद्र कर्नाटकच आहे. आपल्याकडे तिला मिडी सौते म्हणतात. ओहायोतल्या त्या बर्गरमध्येही कदाचित आपल्याच मातीतली काकडी असेल.

बेकन मात्र नेलं नाही. गोव्याकडून इकडे मिळतं. पण पुण्यात गाडी बदलून दीड दिवसाच्या प्रवासात ते टिकवायचं कसं, आणि टिकलं तरी दाजींच्या फ्रीजमध्ये ठेवायचं कुठल्या तोंडानं? अस्सल बर्गर बीफचा. ते मध्य प्रदेशात कायद्यानंही नाही आणि आमच्या घरात रीतीनंही नाही. १९९६ साली मॅकडोनाल्ड्स भारतात आलं तेव्हा त्यांनीही बीफ आणि पोर्क दोन्ही बाजूला ठेवून बटाट्याची टिक्की आणि मटणाचा महाराजा मॅक काढला होता. एवढ्या मोठ्या कंपनीनं जिथं तडजोड केली तिथं मी करायला काय हरकत आहे, असा विचार करत मी गाडीत झोपले.

पहिला प्रयोग देवासला झालाच नाही, तो झाला धारला. पोराची नानी, म्हणजे अक्काच्या विहीणबाई, तिथं राहतात. इंदूरमार्गे दोन-अडीच तासांचा रस्ता. घर जुन्या मराठा वळणाचं. धारचे पवार आणि त्यांच्याबरोबर दक्षिणेतून आलेली माणसं माळव्यात मुरली तरी मटणाचा हात त्यांनी सोडला नाही. विहीणबाईंनी लहानपणी शिकारीचं लोणचं खाल्लंय. रानडुकराचं मांस मोहरीच्या तेलात मुरवलेलं. १९७२ चा वन्यजीवांचा कायदा आला आणि ते संपलं. त्यामुळं 'डुक्कर' शब्दानं त्या दचकल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "हमारे यहाँ तो दावत होती थी," आणि मग माझ्याकडे बघून मराठीत, "पण ते जंगलातलं हं, बाजारातलं नाही."

विहीणबाईंना बर्गर म्हणजे काय ते मी सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि मग आपल्याच पद्धतीनं केलं. खिमा दोनदा काढून आणलेला, त्यात आलं-लसूण, गरम मसाला, हिरवी मिरची, भाजलेलं बेसन, एक अंडं. सगळं कणकेसारखं मळलं. वास असा सुटला की शेजारचे डोकावले. पोरानं खाल्लं, संपवलं, आणि हळूच म्हणाला, "नानी, खूप छान आहे. पण हा कबाब आहे." विहीणबाईंचं तोंड उतरलं. मला मात्र तिथंच पहिला धडा मिळाला. बर्गरच्या पॅटीत काहीच घालायचं नसतं. आपल्या हाताला ते जमत नाही. हात आपोआप हळदीच्या डब्याकडे जातो.

परत येताना इंदूरला छप्पन दुकानला थांबलो. तिथं एक पदार्थ 'हॉट डॉग' या नावानं विकतात आणि त्यात सॉसेज नसतं. गोल बन, मध्ये मटणाची टिक्की, नाहीतर अंडं घातलेला बेंजो, आणि ते सगळं तव्यावर तुपात खरपूस केलेलं. नाव हॉट डॉगचं, रूप बर्गरचं, वास माळव्यातल्या तुपाचा. आमचं पोरगं पहिल्यांदाच हसलं. "बेळगावआजी, हा हॉट डॉग नाही," म्हणाला, आणि दुसरा मागितला. मी त्याच्या खाण्याकडे कमी आणि तवेवाल्याच्या हाताकडे जास्त बघत होते. बन कापून आतली बाजू तव्यावर दाबून धरत होता, पार बदामी होईपर्यंत. तो कुरकुरीत थर असला की रस आत झिरपत नाही आणि बनचा लगदा होत नाही. हा दुसरा धडा.

तिसरा धडा माझ्याच चुकीतून मिळाला. देवासला, दाजी सकाळी शीलनाथ महाराजांच्या धुनीवर गेले असताना, मी शेजारणीच्या गॅसवर गुपचूप प्रयोग केला. वेळ वाचावा म्हणून खिम्याला रात्रीच मीठ लावून ठेवलं होतं. पॅटी झाली ती रबरासारखी, चेंडूसारखी उडेल अशी. नंतर लक्षात आलं. मीठ खिम्यातली प्रथिनं विरघळवतं आणि ती एकमेकांना चिकटतात. कबाबाला, सॉसेजला तेच हवं असतं. बर्गरला नको, त्याला भुसभुशीतपणा हवा. म्हणून मीठ तव्यावर टाकताना, तेही वरूनच. ती पॅटी शेजारणीच्या कुत्र्यानंही विचार करून खाल्ली.

राहता राहिला प्रश्न जागेचा. शेजारणीकडे लपूनछपून करायचं असतं तर पोराला तिकडे नेऊन खायला घालता आलं असतं. पण अक्काला ते नको होतं. "त्याला घरात जेवायला बसवायचंय मला, चोरून नाही," ती म्हणाली. तिचं बरोबर होतं. पण दाजींना कोण सांगणार? शनिवारी रात्री जेवताना मीच विषय काढला. सांगितलं की डुकराचं काही नाही, बकऱ्याचंच मटण आहे, आणि स्वयंपाकघरात पाऊल ठेवणार नाही, मागच्या परड्यात करू. दाजींनी भाताचा शेवटचा घास खाल्ला, हात धुतले आणि काही न बोलता झोपायला गेले. अक्का माझ्याकडे बघून म्हणाली, "साकु बिडु." पुरे, सोड आता.

परड्यात दाजींचं राज्य आहे. दर रविवारी ते तिथं गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर बाफले भाजतात. आधी उकडलेले, मग भाजलेले, मग तुपात बुडवलेले. त्या आगीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना चालत नाही. रविवारी सकाळी मी चहा घेऊन मागं गेले तर पेरूच्या झाडापलीकडे, बाफल्यांच्या जागेपासून चांगलं दहा-बारा पावलांवर, तीन विटा मांडलेल्या होत्या. शेजारी कोळशाची पाटी. दाजी गोवऱ्या रचत होते. मान वर न करता म्हणाले, "मेव्हणीबाई, ही थोरली पाती. ती धाकटी."

ज्यांना देवास माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पवारांच्या दोन भावांनी हे संस्थान मिळवलं आणि दोघांच्या दोन पात्या झाल्या, थोरली आणि धाकटी. गाव एकच, राजे दोन, कारभार वेगळे. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी सचिव होता. त्यानं पुढं या दरबारावर 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तकच लिहिलं. १९४८ मध्ये दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या, पण गावातली माणसं अजून बोलण्यात त्या वापरतात. एकाच घरात दोन चुली पेटल्या की हमखास.

आता कृती सांगते, म्हणजे ज्यांच्या घरी असं पोरगं आहे त्यांना उपयोग होईल.

आधी ते 'बेकन'. अस्सल बेकन डुकराच्या पोटाच्या मांसाचं, मीठ-साखरेत मुरवून धुरी दिलेलं असतं. त्याचं काम चार गोष्टींचं आहे: खारटपणा, धुराचा वास, चरबी आणि कुरकुरीतपणा. बकऱ्याच्या बरगड्यांखालचा पोटाचा पातळ भाग मागून घ्यावा, त्यात मांस आणि चरबीचे थर असतात. खाटीक तो एरवी रश्श्याच्या तुकड्यांत ढकलतो. अर्ध्या किलोला १२ ग्रॅम मीठ, ८ ग्रॅम किसलेला गूळ आणि भरपूर मिरपूड चोळून एक रात्र फ्रीजमध्ये उघडं ठेवायचं. (आमचं शेजारणीच्या फ्रीजमध्ये होतं.) सकाळी कोरडं पुसायचं, तासभर बर्फाच्या कप्प्यात ठेवून घट्ट करायचं आणि धारदार सुरीनं जमेल तेवढं पातळ कापायचं. मग धुरी. पातेल्यात काप, मध्ये वाटी, वाटीत लाल निखारा, त्यावर चमचाभर वितळलेली चरबी, आणि लगेच झाकण. दहा मिनिटं. तूप घालू नये, तुपाच्या धुराला दालीचा वास येतो. नंतर थंड तव्यावर काप मांडून मंद आचेवर ठेवायचे, म्हणजे चरबी सावकाश सुटते आणि त्याच चरबीत ते कुरकुरीत होतात. रंग गुलाबी येत नाही, तपकिरी येतो. विकतच्या बेकनमध्ये रंगासाठी आणि टिकण्यासाठी वेगळा क्षार घालतात, तो आपण घालत नाही. म्हणून हे ताजं मांस समजून एक-दोन दिवसांत संपवावं.

पॅटीसाठी ४०० ग्रॅम मांस आणि १०० ग्रॅम चरबी, एकदाच आणि जाडसर काढलेलं. बकऱ्याचं मांस कोरडं असतं, चरबी सांगून मागावी लागते. मळायचं नाही. हलक्या हातानं आठ गोळे करायचे आणि तव्यावर टाकेपर्यंत गार ठेवायचे. लोखंडी तवा धूर येईपर्यंत तापवायचा. गोळा टाकला की त्यावर बटर पेपर आणि वरून दाब. अक्काकडे जुना पितळी तांब्या आहे, त्याचं बूड यासाठी जणू घडवलेलं आहे. पहिल्या अर्ध्या मिनिटातच दाबायचं, नंतर दाबलं तर रस निघून जातो. बनपेक्षा थोडी मोठी चकती करावी, ती आकसते. वरून मीठ-मिरपूड. कडा तपकिरी झाल्या की उलथनं तव्याला घासून खरवडत उलटायचं, चीजचा काप ठेवायचा आणि मिनिटभर झाकायचं. आत गुलाबी राहता कामा नये. खिमा हा मधोमध ७१ अंशांपर्यंत शिजलाच पाहिजे. चीज साधं विकतच्या कापांचं घ्यावं. उंची चीज इथं तेल सोडतं, हे मात्र नीट वितळून धरून राहतं.

बन आपल्या अय्यंगार बेकरीत मिळतो तसा मऊ, किंचित गोड. आतून लोण्यात भाजलेला. सॉससाठी चार चमचे मेयोनीज, दोन चमचे केचप, अर्धा चमचा वाटलेली मोहरी आणि बारीक चिरलेली मिडी सौते. कांदा अगदी बारीक चिरून पाण्यात पाच मिनिटं ठेवून पिळलेला. खाली सॉस आणि कांदा, त्यावर दोन पॅट्या, बेकनचे काप, काकडीच्या चकत्या, वर बन. आणि आता ती युक्ती, जी पोरानंच मला सांगितली: लगेच खायचं नाही. कागदात घट्ट गुंडाळून तीन-चार मिनिटं ठेवायचं. आतल्या वाफेनं बन मऊ होतो, चीज सगळ्यात मुरतं, आणि दुकानात येतो तो वास येतो. पण चार मिनिटांच्या वर थांबू नका. बकऱ्याची चरबी लवकर थिजते आणि टाळूला चिकटते.

दाजींसाठी अक्कानं थोरल्या पातीवर वेगळ्या तव्यात बटाट्याची टिक्की केली होती. आलं, वाटाणे, हिरवी मिरची. तोही बन भाजला, तोही कागदात गुंडाळला. कागदावर पेनानं 'आबा' लिहिलं, म्हणजे घोटाळा नको. ते पोरानं लिहिलं होतं, मराठीत, 'बा'चा काना विसरून.

दाजींनी कागद सोडला, पुडीकडे पाहिलं आणि ताट मागितलं. बन वेगळा केला, टिक्की वेगळी केली, पोळीभाजीसारखी खायला सुरुवात केली. पोरगं समोर दगडावर बसून बघत होतं. मग न राहवून म्हणालं, "आबा, असं नाही. दोन्ही हातांनी धरायचं." दाजी म्हणाले, "तुझं तू खा." पण त्यांनी टिक्की परत बनमध्ये ठेवली. दोन्ही हातांनी धरून खाताना सॉस सदऱ्यावर सांडला. पोरानं पळत जाऊन पाणी आणलं.

पोराचं मत विचारलंत तर, पॅटीला त्यानं नऊ गुण दिले, बेकनला पाच. "धूर बरोबर आहे, पण हे बेकन नाही," तो म्हणाला. मला ते पटलं. बकऱ्याला बकऱ्याचीच चव येणार. त्यानं दोन खाल्ले आणि तिसऱ्यातला अर्धा बापासाठी ठेवला. बाप संध्याकाळी पीथमपूरहून आला तेव्हा तो थंड झाला होता, चरबी थिजली होती, तरी त्यानं खाल्ला.

मी आठवड्यानं परत आले. तीन विटा अजून पेरूखाली आहेत, असं अक्का सांगते. महिन्यातून एखाद्या रविवारी धाकटी पाती पेटते. पोरगं एरवी पंक्तीला बसतं, भाकरी मात्र अजून मोजूनच खातं. परवा फोन आला, पहिल्यांदाच मराठीत, म्हणजे शेजारी दाजी बसले असणार. काकडीची दुसरी बरणीही संपली होती. आणि एक प्रश्न होता. दाजी विचारतायत, ते काप याहून पातळ कापायचे असतील तर सुरीला धार कुठल्या दगडावर लावायची?

मी म्हटलं, आपल्याकडचा गोकाकचा दगड पाठवते.